महिन्याने दिसणारा फोटो

बऱ्याच वर्षांनी रंगीत स्लाइडची फिल्म विकत घेतली आणि उत्साह चामोर्शीच्या आठवडी बाजारापर्यंतच पुरला. फोटो काढला की जो तो कॅमेऱ्याची पाठ पाहायला धावे. तिथे पडदा नाही, फिल्म धुवायला पाठवावी लागते, हे सांगून मी थकलो होतो. म्हणून टोपल्या विकणाऱ्या म्हाताऱ्या बाईंना आधीच बजावलं, "बाई, फोटो महिन्याने दिसेल."

"बेस झालं," टोपलीचा काठ बोटांनी चाचपत त्या म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात मोतीबिंदू काढून राह्यले माह्या डोयाचा. आता दाखवला असता, तं मले काय दिसला असता? आणून देजा मात्र."

पदर सारखा करून त्या भलत्याच दिशेला पाहत ताठ बसल्या.

स्लाइडच्या फिल्मला उजेडाच्या मापातली चूक खपत नाही. मी उजेड पुन्हा मोजला आणि त्या पाहत होत्या, तिकडे जाऊन उभा राहिलो.