एकशे साठ जीबीची डिस्क

केजला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं, तेव्हाची ही गोष्ट. मोबाइल नुकते गावागावांत पोचले होते आणि लग्नाचं शूटिंग करणारे एडिटिंगसाठी कॉम्प्युटर घेऊ लागले होते. युसूफ वडगाव या गावचे एक शूटिंगवाले माझं जुनं गिऱ्हाईक. वयानं मोठे, मी त्यांना काका म्हणायचो. त्यांच्या मशीनवर विंडोज ९८ होती आणि हात तिच्यावरच बसल्यामुळे ती बदलायला ते तयार नव्हते.

लग्नसराईआधी त्यांनी औरंगाबादहून एकशे साठ जीबीची डिस्क आणवली. एवढी मोठी डिस्क मीही पहिल्यांदाच हाताळत होतो. खोक्यात एक इंग्रजी पत्रक होतं. जुन्या विंडोजला एकशे सदतीस जीबीच्या पुढचं मोजता येत नाही, त्यापुढे लिहायला गेलं तर ते डिस्कच्या सुरुवातीला लिहिलं जातं आणि तिथलं पुसतं. तेव्हा तेवढ्याच जागेचा भाग करा, उरलेली मोकळी सोडा, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. मी ते वाचलं होतं. पुढे 'तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं' असं मी लोकांना सांगत आलो, म्हणून हे मुद्दाम लिहितोय.

काका शेजारी स्टुलावर बसले होते. "पुरी दिसायला पायजे बरं का," ते म्हणाले. "जागा कमी भरली तर दुकानदारानं फसवलं म्हनीन मी."

वीसेक जीबी का सोडायची, हे समजावत बसायचा मला कंटाळा आला. मी सगळ्या डिस्कचा एकच भाग केला. वर शहाणपणाही शिकवला, "कॅमेऱ्याच्या टेपा कशाला भरून ठेवता काका? डिस्कवर घ्या अन् त्याच टेपा परत वापरा."

त्यांनी तसंच केलं. दोन महिने काही झालं नाही. मग डिस्क भरत आली आणि एका दुपारी त्यांचा फोन आला, "डिस्क रिकामी दाखवतीय रे. फॉरमॅट कर म्हनतीय."

गेलो, बघितलं आणि मला लगेच कळलं. दोन दिवस खटपट करून काही तुकडे निघाले, पण चार लग्नं गेली ती गेलीच. काकांनी विचारलं, "कशानं झालं हे?" मी म्हणालो, "तुमच्याकडून काहीतरी चुकीचं दाबलं गेलं असंल."

मी तिथं असतानाच धर्मापुरीच्या एक बाई आल्या. त्यांच्या लेकीचं लग्न काकांनी शूट केलं होतं. किराणा दुकान चालवणारे त्यांचे यजमान लग्नानंतर पंधरा दिवसांत वारले होते.

"सगळं नसलं तरी चालंल," बाई म्हणाल्या. "पंगतीत ते पाव्हन्यांना वाढा, वाढा म्हनत फिरत व्हते. त्यांचा आवाज हाय त्यात. तेवढंच द्या."

काका उठून उभे राहिले. "ताई, माझ्या हातून पुसलं गेलं."

"थोडंबी न्हाई?"

"न्हाई."

मी मान खाली घालून स्क्रू आवळत राहिलो. बाई रडल्या नाहीत. "आमचा एक फोटूसुदीक धड न्हाई हो. तुमच्या भरवशावर ऱ्हायलो," एवढं बोलून त्या गेल्या.

त्यानंतर काकांनी कॉम्प्युटरला हात लावणंच सोडलं. एडिटिंग असलं की मला बोलवायचे, स्वतः मागं खुर्ची टाकून बसायचे. "माझ्या हाताचा भरवसा न्हाई आता." असं वर्षभर चाललं. शेवटी एक दिवस ते ऐकवेना. मी पत्रकाचं सगळं सांगून टाकलं.

त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. मग म्हणाले, "त्या बाईसमोर कावून न्हाई बोललास?"

दुसऱ्या दिवशी मी धर्मापुरीला गेलो. बाई आता स्वतःच दुकानात बसत होत्या. गिऱ्हाईक गेल्यावर मी त्यांना सांगितलं. डिस्कचं त्यांना कितपत कळलं ठाऊक नाही, पण मी ते वाचलं होतं, हे कळलं.

"म्हंजे त्या मानसाला मी उगंच बोल लावला," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे पाहून विचारलं, "तुमचा काय फायदा व्हता त्यात?"

"काहीच नाही," मी म्हणालो. ते खरं होतं, आणि त्यामुळंच मला तिथं उभं राहवेना.