चौदा महिने रिकामं स्टूल

दादा चौदा महिन्यांनी परत आला, तेव्हा दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. वहिनी एक शिलाई मशीन उलटं करून त्याच्या पोटात तेल घालत होत्या. त्यांनी मान वर केली.

"आलात? ती पाठीवरची पिशवी जरा बाजूला ठेवा. वाट अडतेय."

मी दारातच उभा होतो. मला वाटलं होतं, काहीतरी घडेल. काही घडलं नाही. एका गिऱ्हाइकाने पिशवी कोपऱ्यात सरकवली आणि विचारलं, "हेही दुरुस्तीलाच का?"

दादा शिलाई मशिनं दुरुस्त करायचा. दुकान त्याच्या वडिलांचं. समोरासमोर दोन टेबलं, दोन स्टुलं. एकावर दादा बसायचा. दुसऱ्यावर वहिनी, त्या मशिनं पुसायच्या आणि नावांच्या चिठ्ठ्या लावायच्या. मग एक दिवस, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, दादा म्हणाला, जग बघायचंय. अर्धा रस्ता हसला. तो खरंच गेला, तेव्हा तोच अर्धा रस्ता म्हणाला, आम्हाला माहीतच होतं.

तो मला पत्रं पाठवायचा. मी त्याचा सख्खा भाऊ नाही, लहानपणापासून दुकानात येणारा गल्लीतला मुलगा आणि साहित्याचा पदवीधर. मला ती पत्रं थोर वाटायची. एकात त्याने लिहिलं होतं, 'प्रत्येक गावचा माणूस आपल्या तालात चालतो. तो ताल मोडू नये.' ही ओळ कागदावर काढून मी माझ्या खोलीत लावली होती.

परत आल्यावर दादाचं सगळं बोलणं एका शब्दाशी येऊन थांबायचं. तिकडे. तिकडे चहा असा घाईने पीत नाहीत. तिकडे दारं बाहेरच्या बाजूला उघडतात. तिकडे कोणी कोणाला वय विचारत नाही. शेजारच्या न्हाव्याने दोन दिवस ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी त्याने दादाच्या मानेवर रुळणाऱ्या केसांकडे बघून विचारलं, "तिकडे माझ्या धंद्याचं कोणीच नाही वाटतं?"

चौथ्या दिवशी दादाने पुढच्या प्रवासाचा नकाशा दुकानात लावला. नेमका मशिनांचे पट्टे टांगायच्या खिळ्यांवर. वहिनींनी खिळे काढले, नकाशातून आरपार परत ठोकले आणि पट्टे टांगले. तेव्हापासून दादाला मार्ग दाखवायचा असला, की आधी एक पट्टा बाजूला सारावा लागायचा.

"या वेळी दोन वर्षं तरी लागतील," तो मला म्हणाला. मी हाताच्या अंतरावर होतो, पण आवाज टेबलापलीकडे जाईल एवढा होता.

वहिनी सुई ओवत होत्या.

"जास्तही लागतील. तिकडे बर्फ असतो."

"मग लोकरीचे मोजे वर काढून ठेवते," वहिनी म्हणाल्या. "निघताय कधी?"

दादा नकाशाकडे बघत राहिला. या प्रश्नाची तयारी केलेली दिसत नव्हती.

"तारीख शनिवारपर्यंत सांगा," वहिनी म्हणाल्या. "कारखान्याचं काम मिळालंय, मला एकटीला झेपत नाही. तुमच्या स्टुलावर बसायला एक बाई बघून ठेवलीय. हात चांगला आहे तिचा. तुम्ही राहणार असाल तर तिला नको म्हणते. जाणार असाल तर ती सोमवारी येईल."

"म्हणजे मी राहावं, असं तुझं म्हणणं आहे?"

"शनिवारपर्यंत सांगावं, असं माझं म्हणणं आहे."

दादा मला बाहेर घेऊन आला. "ऐकलंस? तिला मी राहायला हवाय. तोंडाने म्हणत नाही एवढंच."

मला तसं काही ऐकू आलं नव्हतं. पण मी मान डोलावली. हळूहळू माझ्या लक्षात येत होतं. त्याला जायचं होतं, पण कोणीतरी हात धरून अडवलं तरच. आणि इथे तर मोजे काढायची भाषा चालली होती.

बुधवारी वहिनी दिवसभरासाठी कारखान्यात गेल्या. दुकान दादावर सोपवलं. दुरुस्त झालेली नऊ मशिनं चिठ्ठ्या लावून रांगेत ठेवली होती. संध्याकाळी माणसं न्यायला येणार होती. काम काहीच नव्हतं, फक्त द्यायची होती.

दादा आपल्या स्टुलावर बसला. बोटं मोडली. सहज म्हणून पहिल्या मशीनवर चिंधी घेऊन टाके घातले, आणि त्याचा चेहरा पडला. दोऱ्याचा ताण सैल. दुसऱ्या मशीनचा फारच घट्ट. तिसऱ्याचं पायडल हलकं, चौथ्याचं दगडासारखं.

"काय करून ठेवलंय हे," तो म्हणाला. "एकाचा पायपोस एकाच्या पायात नाही. माझ्या मागे दुकानाची रया गेली रे." मग त्याचे डोळे चमकले. "थांब. आता तिला कळेल, या स्टुलावर कोण लागतं ते."

चार वाजेपर्यंत त्याने नऊच्या नऊ मशिनं सरळ केली. ताण एक, टाक्याची लांबी एक, पायडलचा जोर एक. वडिलांनी शिकवलं होतं तसं. टाके बघून मलाही कौतुक वाटलं. मोजून मापून काढल्यासारखे होते. माणसं आली, मशिनं घेऊन गेली. दादा शीळ घालत होता.

गुरुवारी दुकान उघडायच्या आधीच दारात सहाजण उभे होते. सर्वांत पुढे कापडी मोजे शिवणाऱ्या आजी.

"पोरी, माझं मशीन पळतंय. आणि मी त्याच्या मागे."

उशांच्या खोळी शिवणारे म्हणाले, दोरा तुटतोय, सकाळपासून बावीस वेळा. गणवेश शिवणाऱ्या शिंप्याचा एक पाय अधू होता. त्याने फक्त पायडलकडे बोट दाखवलं.

वहिनींनी एक मशीन उघडून बघितलं. मग दादाकडे बघितलं. खणातून एक वही काढली आणि त्याच्यासमोर ठेवली. दादाला मोठ्याने वाचायची सवय. तो वाचत गेला.

'मोजेवाल्या आजी. नजर अधू, सावकाश चालवतात. पट्टा आवळून पायडल जड ठेवणे.'

'खोळीवाले. दोरा हलका वापरतात, सांगून ऐकत नाहीत. ताण सैल.'

'गणवेशवाले. एकाच पायाने चालवतात. पायडल एकदम हलकं.'

'कोपऱ्यावरची नवी सून. सासू शेजारी बसून बघते, म्हणून घाई. टाका लांब ठेवणे, काम लवकर उरकतं.'

इथे त्याचा आवाज खाली गेला. पुढची पाच नावं त्याने मनात वाचली.

"तुम्हाला मशीन येत होतं," वहिनी म्हणाल्या. "मला येत नव्हतं. म्हणून मी माणसं बघत बसायचे."

न्हावी दारातून डोकावत होता. तो हळूच आपल्या दुकानात परत गेला.

मी घरी जाऊन भिंतीवरच्या त्या ओळीकडे बघितलं. ती काढली नाही. वाक्य म्हणून ते अजूनही चांगलंच होतं.

शुक्रवारी दादा वही आणि हत्यारांची पेटी घेऊन घरोघर निघाला. मी सोबत. आजींकडे दीड तास गेला. त्याने पट्टा आवळला. आजींनी चालवून बघितलं. "अजून." त्याने पुन्हा आवळला. "अजून." चौथ्या वेळी आजींनी चष्मा वर केला.

"तुम्ही तिचे कोण?"

"नवरा."

"हो का. म्हणजे शिकायची सोय घरातच आहे."

गणवेशवाल्याकडे दादा जमिनीवर बसला आणि अर्धा तास त्याचा पाय बघत राहिला. गोष्ट नाही, उपदेश नाही. परतताना त्याने मागच्या गल्लीकडे बोट केलं.

"तिकडे टाच टेकवत नाहीत," तो म्हणाला. "नुसत्या चवड्यावर चालवतात."

मी त्याच्याकडे बघितलं. तो चेष्टा करत नव्हता.

शनिवारी सकाळी चार मशिनं राहिली होती. वहिनी टेबलावर हत्यारं पुसत होत्या.

"त्या बाईला सोमवारी येऊ दे," दादा म्हणाला.

वहिनींचा हात थांबला. मग त्यांनी पुसून झालेला पाना पुन्हा पुसायला घेतला. "म्हणजे जाताय."

"जात नाही. स्टुलावर ती बसू दे. तिचा हात चांगला आहे म्हणतेस ना? मला फिरतीचं काम दे. लोकांकडे जाऊन बसायला कोणीतरी लागेल."

"लागेल. पण तुम्ही बोलता फार."

"कमी करतो."

"आणि तो बर्फ?"

"बर्फाचं पुढच्या वर्षी बघू," दादा म्हणाला. ही एवढी शान त्याने राखली. वहिनींनी राखू दिली.

तो पेटी उचलून खोळीवाल्यांकडे निघाला. खोळीवाले दोन रस्ते पलीकडे राहतात. तो उंबऱ्यापर्यंत पोचला, तेव्हा वहिनींनी विचारलं, "किती वाजेपर्यंत याल?"

दादा वळला. त्याचा चेहरा एकदम लांबच्या प्रवासाला निघाल्यासारखा झाला. "तसं सांगता येत नाही. वाटेत काय काय समोर येईल..."

"बारीक स्क्रू-ड्रायव्हर एकच आहे. तो तुमच्या पेटीत आहे."

दादाने रस्त्याकडे बघितलं. मग घड्याळाकडे.

"सव्वाबारा," तो म्हणाला.