जिम्नॅशियम आणि आमची तालीम

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते उमरग्याच्या आमच्या तालमीतल्या वस्तादांचे. आमच्या घरी मेंढरं. माझ्याआधी सातवीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं. वस्तादांचा नियम साधा होता, "नापास पोरगं मातीत उतरणार न्हाय." कुस्तीच्या नादापायी मी बारावीपर्यंत पास होत गेलो.

मग धाराशिवच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. तालीम सोडताना मातीला हात लावून वस्तादांची परवानगी घ्यायची असते. पण त्यांनी जत्रेत माझी कुस्ती ठरवली होती. ते अडवतील या भीतीनं मी न विचारताच एसटीत बसलो. जत्रेत समोरचा पैलवान मैदानात आला, मी नव्हतो.

"वस्ताद तुझं नाव काढीत न्हाईत," वडील म्हणाले. तेव्हापासून सुट्टीत घरी जायचो तो तालीम टाळून, मागच्या गल्लीनं.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षी भाषाविज्ञानाच्या तासाला मॅडमनी फळ्यावर 'जिम्नॅशियम' लिहिलं.

"इंग्रजीत ही व्यायामाची जागा. जर्मनीत मात्र मुलं दप्तर घेऊन तिथं जातात, कारण ती शाळा. हॉलंडमधल्या जिम्नॅशियममध्ये तर ग्रीक आणि लॅटिन शिकवतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'उघडा', म्हणजे विवस्त्र. तरुण उघड्या अंगानं कसरत करायचे, आणि तिथंच विद्वानांच्या चर्चा रंगायच्या."

"म्हंजे लंगोटावर तत्त्वज्ञान," शेजारी बसलेला मित्र पुटपुटला. "थंडीत लई अवघड."

मीही हसलो, आणि मग उठून म्हणालो, "मॅडम, आमच्याकडं तालीम म्हणजे कुस्तीची. पण शेजारच्या चाची पोराला 'तालीम पूरी कर' म्हणतात, ते कॉलेजबद्दल."

"शब्द अरबी आहे, अर्थ शिकवणं," मॅडम म्हणाल्या. "तुमचे वस्ताद नुसती कुस्तीच शिकवायचे का?"

घंटा झाल्यावर ग्रंथालयात बसून पत्र लिहिलं.

"वस्ताद, पाया पडतो.

त्या वर्षी मी न सांगता गेलो. जत्रेत समोरच्या पैलवानाच्या वस्तादांची माफी तुम्हाला मागावी लागली, हे नंतर कळलं. तुम्ही अडवाल असं मला वाटलं होतं. ज्यांनी मला शिकायला लावलं ते कशाला अडवतील, एवढं डोकं तेव्हा चाललं नाही. चूक माझी.

आता पुढं एम.ए.ला जायचं म्हणतो. या वेळी विचारून जाणार आहे. रविवारी सकाळी येतो. तुम्ही बोलला नाहीत तरी थांबेन."