काऊन जी

आमच्या खासगी रुग्णालयाच्या नोंदणी खिडक्यांवर त्या वर्षी दोघं नवे लागले होते, कामठ्याची एक मुलगी आणि फुलचूरचा एक तरुण. वर्षभर काम बघून कायम करायचं ठरलेलं. विभाग माझ्याकडे होता. दोघांचं काम सारखंच चांगलं आणि बोलणंही सारखंच, इथल्या झाडीबोलीतलं.

व्यवस्थापक पुण्याहून आलेले. त्यांनी ऐनवेळी पाळी बदलली की दोघंही विचारायचे, "काऊन जी?" यात उद्धट काही नाही. 'जी' लावला म्हणजे मान ठेवूनच कारण विचारलं. त्याच्या तोंडचं 'काऊन' साहेबांना आवडायचं. पोरगा सरळ बोलतो, पुढे जाईल, म्हणायचे. तिचं ऐकलं की कपाळाला आठ्या.

वर्षअखेरच्या बैठकीत त्याला कायम केलं आणि तिला आणखी सहा महिने थांबवा म्हणाले. टोन बरोबर नाही, हे कारण. नकळत होणाऱ्या पक्षपातावरचं प्रशिक्षण त्याच आठवड्यात झालं होतं आणि समारोपाचं भाषण साहेबांनीच ठोकलं होतं.

मी म्हटलं, "सर, तिचं असं एक वाक्य सांगा, जे तो बोललेला नाही."

ते आठवत राहिले. मग हसले. "मॅडम, तुम्ही बायका एकमेकींची बाजू घेणारच."

बाकीचेही हसले आणि विषय संपला.

तिला मी खरं कारण सांगितलं, तिचं 'काऊन' साहेबांना खटकतं. ती म्हणाली, "मी तं विचारून राहिली होती मॅडम. भांडून थोडीच राहिली होती."

मी भांडून एक नियम करून घेतला. वागण्याबद्दल शेरा मारायचा तर माणूस नेमकं काय बोलला ते सांगायचं, नाहीतर शेरा धरायचा नाही. साहेबांना तो इतका पटला की त्यांनी मुख्य कार्यालयाला स्वतःचा म्हणून कळवला. लागू मात्र पुढच्या भरतीपासून.

सहा महिन्यांनी तीही कायम झाली. आता काहीही सांगा, "ठीक आहे सर." बघा, किती सुधारली, असं साहेब मला म्हणाले.

मग एका सोमवारी त्यांनी चुकून दुसऱ्या खिडकीवर त्या तरुणाचं नाव लावलं. तो तर रजेवर गेलेला, आणि मी बैठकीत. तिला चूक सकाळीच दिसली होती. दुसरी खिडकी बंदच राहिली आणि रांग पार फाटकाबाहेर गेली. आधी का नाही सांगितलंस, असं साहेबांनी तिला सगळ्यांसमोर विचारलं.

"सॉरी सर," ती म्हणाली, आणि पुढच्या पेशंटला नाव विचारलं.