परीक्षेच्या दिवशी शेवाळाचं सार

आमच्या ओकबुनताईला कुणी "असं करू नको" म्हटलं की संपलं, तेच करणार. नवरा गेल्यावर सासरचे म्हणाले, रस्त्यावर उभी राहू नकोस, घराण्याचं नाक कापलं जाईल. बाईने त्याच आठवड्यात कोरियातल्या देगूच्या या बाजारात तोकबोक्कीची, म्हणजे तिखट रश्शातल्या तांदळाच्या कांड्यांची, गाडी लावली. पालिकेने गाडी उचलून नेली, तर हिने दुसरी आणली. मी शेजारी मोजे विकते, सगळं या डोळ्यांनी पाहिलंय.

विद्यापीठात कोरियन भाषा शिकायला आलेली मंगोलियाची सारनाई रोज ताईकडे खायची. एका संध्याकाळी म्हणाली, "मावशी, उद्या माझा वाढदिवस. आणि उद्याच भाषेची परीक्षा. नापास झाले तर नर्सिंगला प्रवेश नाही, सरळ घरी."

सकाळी बघते तर ताईच्या शेगडीवर समुद्री शेवाळाचं सार रटरटतंय! वाढदिवसाला आमच्याकडे आई हेच करते. पण परीक्षेच्या दिवशी? शेवाळ बुळबुळीत, खाल्लं की पोर घसरलीच म्हणायची. त्या दिवशी खायच्या चिकट वड्या, म्हणजे यशही चिकटतं.

सारनाई आली आणि पाठोपाठ समोरचे वडीवाले प्यो आजोबा धावत आले. "अगं ए, डोकं ठिकाणावर आहे का? पोरीचं वाटोळं करशील!"

"तुमच्या वड्या खपल्या नाहीत म्हणून पोटात दुखतंय का?" ताई म्हणाली. "तिची आई नाही इथे. मग वाढदिवस काय उपाशी काढायचा तिने? बस गं, सारनाई."

सारनाईलाही ती समजूत ठाऊक होती. चमचा हातात धरून जरा थांबली, मग वाटीच तोंडाला लावून रिकामी केली.

निकाल लागला. सारनाई नापास.

झालं! सगळा बाजार ताईवर तुटून पडला. प्यो आजोबा तर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटले. माझं त्यांच्याशी कडाक्याचं भांडण झालं, अजून बोलत नाही मी. पण ताई? मान खाली घालून कांद्याची पात चिरत बसायची. मला ते बघवेना.

निघायच्या दिवशी सारनाई बॅग ओढत आली. ताईने वर पाहिलंच नाही. "माझ्यामुळे झालं गं, पोरी."

"तुमच्यामुळे काय?" सारनाई एवढ्या मोठ्याने ओरडली की गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. "निबंध अर्धा राहिला माझा! अभ्यास कमी पडला! त्या दिवशी या अख्ख्या देशात माझ्या जन्माचा आनंद एकट्या तुम्हाला झाला होता. त्याला कुणी नावं ठेवली तर मी ऐकून घेणार नाही."

रस्त्यापलीकडे प्यो आजोबा वड्या मांडण्यात गुंतल्याचं नाटक करत होते. ताईने डोळे पुसले, सुरी दणकन फळीवर ठेवली आणि त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पुन्हा ये. पुन्हा परीक्षेला बस. त्या दिवशी वाढदिवस नसला तरी सार मी करणार!"