आक्काच्या बापाचं पाणी

चेअरमनसाहेब, तुम्ही ज्याच्या दगडाला हार घातला, तो माणूस इंग्रज होता.

दगडावर क्रॉस होता. फोटो तुमच्या पेजवर अजून आहे, झूम करून बघा.

आज यमुनाआक्काला जाऊन वर्ष झालं, म्हणून लिहितोय. कुणाला झोंबलं तर खुशाल झोंबू द्या.

मी रिटायर्ड फौजी, पाटोद्याकडचा. लढाईत गेलेल्यांच्या घरच्यांना त्या त्या जागेवर घेऊन जातो. पलटणीला पत्रं लिहायची, तिकिटं काढायची, म्हाताऱ्या माणसांचा हात धरून चालायचं. दुसरा काही उद्योग नाही मला.

आक्का ऐंशीच्या घरातली. उभा जन्म ऊसतोडीत गेला. बाप सखाराम, शिपाई, दुसऱ्या महायुद्धात इंफाळकडं पडला.
तेव्हा ती आईच्या पोटात होती.

तिचं मागणं एवढंच,
"मरताना माह्या बापाच्या तोंडात कुणी पाणी घातलं नसंल. ते मला घालायचंय."

त्यासाठी तिनं पितळेचा फिरकीचा तांब्या भरून ठेवलता. बापानं खणलेल्या आडाचं पाणी.
त्या साली गावात टँकर चालू होता. आडाच्या तळातून निघालेला शेवटचा पोहरा तिनं तांब्यात ओतला आणि झाकण घट्ट फिरवलं.

मला म्हणाली, "चल रेल्वेनं. जागा न्हाई भेटली तर खाली बसंन."

मी तिला थांबवलं.
हो, मीच.

कारण साखर कारखान्याच्या वार्षिक सभेत चेअरमननी माईकवरून सांगितलं की संचालकांचा अभ्यासदौरा तिकडं चाललाय, वीरकन्येला आपला सहकार मानानं घेऊन जाईल. टाळ्या. तिला साडी, मला शाल-नारळ. चौकात बॅनर लागला. चेअरमनचा फोटो हत्तीएवढा, आक्काचा खाली कोपऱ्यात.

मला लई भारी वाटलं. म्हणलं, "आक्का, थोडं थांब. विमानानं जाशील."

दौरा एकदा पुढं गेला. मग परत गेला. अभ्यास कसला होता, देव जाणे.

निघायच्या दोन दिवस आधी कारखान्यातून फोन आला.
"फौजी, दुष्काळ हाय. एवढा लवाजमा बरा दिसत न्हाई. माणसं कमी केलीत."

"किती?"

"दोन."

आक्का आणि मी.

आक्का पिशवी भरून दारात बसलेली. आपली नावं कापली, हे तिला मीच सांगितलं.

संचालक गेले. चेअरमनचा मेव्हणाही गेला. त्याला दुष्काळ लागत नव्हता.

मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलतं. इंफाळात स्मशानं दोन आहेत. आपल्या माणसाला पुरलं नाही, दहन केलं. त्याचं थडगं नाही, भारतीय जवानांच्या स्मशानात स्मारकावर नाव आहे. तिथंच जा.

कागद ऑफिसात टेबलावरच राहिला. हे गेले दुसऱ्या स्मशानात. तिथं गुलाब छान असतात म्हणे, फोटो चांगला येतो.

"शहीद सखाराम यांच्या समाधीस अभिवादन." हजारभर लाईक.

आक्काच्या नातवानं तिला तो फोटो मोबाईलवर दाखवला. तिला वाचता येत नव्हतं, पण दिसत होतं ना.

"आरं, ही तर समाधी हाय. माह्या बापाला जाळलं म्हणलातास ना तू?"

मी मोबाईल हातात घेऊन फोटो मोठा केला.

"मग ह्यो कोण?"

मी मोबाईल नातवाला परत दिला.

"मी निघालते रे. तू कावून थांबवलंस मला?"

शाल माझ्या खांद्यावरच होती.

त्यानंतर तिनं अंथरूण धरलं. मी तिकिटं काढली, पण ती बसून राहण्याजोगी उरली नव्हती. शेवटच्या घटकेला सून तांब्याचं झाकण उघडायला लागली, तर आक्कानं मान हलवली. नको.
बापाचं होतं ते.

मग सुनेनं तिच्या तोंडात टँकरचं पाणी घातलं. घशाखाली उतरलं का नाही, कुणास ठाऊक.

आज मी इंफाळमध्ये आहे. रेल्वेनं गुवाहाटी, पुढं बस. तांब्या सगळ्या वाटेनं मांडीवर.

नाव सापडायला अर्धा तास लागला. इंग्रजी अक्षरं, बारीक. अर्धा तास, चेअरमनसाहेब! तेवढाही तुमच्याच्यानं निघाला नाही.

नावावर पाणी धरलं. म्हणलं, "सखारामबाबा, तुमच्या लेकीनं पाठवलंय. तिनं यायचं म्हणलतं, मी येऊ दिलं न्हाई."

तांब्यात घोटभर ठेवलं होतं. बापाचं झाल्यावर ते तिच्या नावानं तिथंच खाली सोडलं.

आक्का, पाणी पोचलं.
माफी मागायला मला तोंड नाही.

जा आता बापाकडं.