कप्तानाचं मागचं जहाज

कप्तान आपली जहाजं कधी मोजत नसे. टेबलावरून एकदा नजर फिरवायचा आणि कोणतं मागे पडलंय ते सांगायचा. कन्नडच्या बाजूला त्याच्या वडिलांचा मेंढ्यांचा कळप होता, आणि मेंढी मोजायची नसते, तोंडावरून ओळखायची असते, असं त्यांच्या घरात मानत. आमच्या जहाजांना तोंडं नव्हती. तरी तो ओळखायचा.

कप्तान हे खेळातलं नाव; एरवी तो वाळूजच्या एका कारखान्यात फिटर होता. हर्सूलला माझ्या शेजारच्या खोलीत राहायचा. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला. अंतराळातल्या लढायांचा एक खेळ मला इंटरनेटवर सापडला; त्याचे नियम मी वहीत मराठीत उतरवले आणि जुने स्पार्क प्लग, नट, बोल्ट यांतून त्यानं दोन्ही बाजूंची जहाजं घडवली. रविवारी दुपारी टेबलावर काळी चादर अंथरायची. फासे ल्युडोचे. पट्टीऐवजी तो बोटांनी अंतर मोजायचा आणि त्याची बोटं जाड, म्हणून आमचं दर रविवारी भांडण. म्हणायचा, "सर, तुमची बोटं पानं उलटून झिजली. त्याला मी काय करू?"

लढायांची ती मोहीम दोन वर्षं चालली, दोन्ही दुष्काळाची. हर्सूल तलावाच्या तळाला भेगा पडल्या होत्या आणि पलीकडे नव्या इमारती चढत होत्या. शेवटच्या लढाईत त्याला सहा मालवाहू जहाजं टेबलाच्या पार न्यायची होती. चार पोहोचली तरी मोहीम त्याची. जहाजांत काय भरलंय ते नियमांत नव्हतं. पाणी, असं त्यानं ठरवून टाकलं.

पहिल्याच फेरीत मी एका जहाजाचं इंजिन उडवलं. ते आता दोन-दोन बोटं सरकणार. काही फेऱ्यांनी बाकीची पाच निम्म्याच्या पुढे गेली, आणि कप्तानानं पहाऱ्याची सगळी जहाजं मागे वळवली, त्या लंगड्यापाशी. पुढची तीन मी निवांत फोडली. एका जहाजासाठी दोन वर्षं घालवलीस, असं मी म्हणालो; जरा कुचकटपणेच. त्यानं चादरीवरचे तुकडे गोळा केले.

"मागं राहिलेल्याला ठाऊक असतं सर," तो म्हणाला, "आपण मागं राहिलो ते."

मग हसून त्यानं तीच लढाई पुन्हा मागितली. ती आम्ही सुरू केली, आणि याही वेळी मी एक जहाज लंगडं केलं. त्याच महिन्यात त्याच्या किडन्या गेल्याचं कळलं. नोकरी सुटली, तो गावी निघाला. खेळाचा पत्र्याचा डबा मांडीवर घेऊन तो जीपमध्ये बसला. खेळ तिकडं होता तसा मांडतो, तुम्ही या, पुरा करू, म्हणाला.

मी गेलो नाही. कन्नड काही लांब नाही. एसटीनं जाऊन संध्याकाळी परत येता येतं. पण मी शहराच्या दुसऱ्या टोकाला फ्लॅट घेतला होता, सामान हलवायचं होतं, पुस्तकं लावायची होती. त्याचा फोन यायचा. पुढच्या रविवारी, असं मी सांगायचो. तो "व्हय, व्हय" म्हणायचा आणि एकदाही रागावला नाही. नंतर फोन यायचे थांबले, आणि मला, खरं सांगायचं तर, थोडं हलकं वाटलं.

मी पोहोचलो ते तेराव्याला.

वहिनींनी मला आतल्या खोलीत नेलं. फळीवर काळी चादर होती. लंगडं जहाज मधोमध, त्याच्याभोवती पहारा, आणि समोर माझी जहाजं, मी सोडली होती तशीच.

"तुमची पाळी व्हती म्हणायचे, भाऊ," वहिनी म्हणाल्या. "लेकरांना हात लावू दिला नाय. आम्ही म्हणायचो, तुम्हीच हलवा की त्यांचं. तर नाय म्हणायचे. सर येतील."

त्या बाहेर गेल्यावर मी माझी पाळी खेळलो. माझी सगळी जहाजं मी लंगड्याच्या वाटेतून मागे वळवली आणि फळीच्या कडेपर्यंत नेली. अंतर बोटांनीच मोजलं. प्रत्येक बोट थोडं जाड धरलं.